माशीने मासा धरण्याची विद्या

ट्राउटच्या नदीवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माणसाचा पहिला दिवस बहुधा रिकाम्या हाताने संपतो. दोरी झाडात अडकते, गळ स्वतःच्याच टोपीत रुततो, पाण्यात मासे स्पष्ट दिसत असूनही एकही जवळ फिरकत नाही. शेजारी उभा असलेला वाटाड्या मात्र त्याच पाण्यातून सहज दोन मासे काढतो आणि परत सोडूनही देतो. संध्याकाळी भाड्याची काठी परत करताना 'हे आपले काम नव्हे' असा निकाल अनेकांनी मनातल्या मनात लावून टाकलेला असतो. 'फ्लाय फिशिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदाकडे पाठ फिरविणाऱ्यांत हाताने कच्च्या असलेल्यांपेक्षा मनाने खचलेलेच अधिक असतात. हात काही दिवसांत वळतो. मनाची गोष्ट वेगळी आहे. कारण नदी चूक दाखवून देत नाही, ती केवळ गप्प राहते.

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्याचे तीर्थन खोरे हे या विद्येचे भारतातील एक प्रमुख ठिकाण. मनालीला जाणाऱ्या रस्त्यावर औटच्या बोगद्याआधी वळले की बंजार आणि पुढे गुशैणी लागते. मनालीची गर्दी टाळू पाहणारे मुंबई-पुण्याचे पर्यटकही आता या वाटेला लागले आहेत. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये उगम पावणारी तीर्थन लारजीजवळ बियासला मिळते. या उद्यानाला २०१४ मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खोऱ्यातील अनेक छोट्या निवासांत काठी, रीळ आणि सोबतीला वाटाड्या मिळतो. परवाना राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडून घ्यावा लागतो. तेव्हा साहित्य आणि परवानगी हा अडचणीचा भाग नाही. खरी अडचण पाण्याजवळ गेल्यावर सुरू होते.

वास नाही, चव नाही

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून काठावर बसण्याशी या प्रकाराचे नाते फार दूरचे आहे. तेथे मासा वासाने येतो, गिळतो आणि अडकतो. माणसाने थांबायचे असते. येथील आमिषाला ना वास, ना चव. पिसे, लोकर, जनावराचे केस आणि बारीक तार एका इवल्याशा गळाभोवती गुंडाळून केलेली ती कीटकाची प्रतिकृती असते. तिलाच 'फ्लाय' म्हणजे माशी म्हणतात. मासा ती तोंडात घेतो, खोटी असल्याचे त्याला लगेच कळते आणि बहुधा सेकंदभरातच तो ती थुंकून टाकतो. फसवायचे ते डोळ्यांना, आणि तेही क्षणभरच.

ही युक्ती जुनी आहे. रोमन लेखक एलियन याने इ. स. २०० च्या सुमारास मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. गळाभोवती लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधण्याची त्यांची रीत त्यात आली आहे. भारतात मात्र ट्राउट हा पाहुणा आहे. काश्मीरसाठी इंग्लंडहून १८९९ मध्ये पाठविलेली अंडी वाटेतच नष्ट झाली. दुसरी खेप १९०० मध्ये पोहोचली आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या फ्रँक मिचेल यांच्या देखरेखीखाली तेथे ट्राउट रुजला. काश्मीरमधील अंडी १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात आणून हिमाचलातील पैदास सुरू झाली. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या थंड ओढ्यांतही तो सोडण्यात आला. सह्याद्रीत तो नाही, कारण त्याला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. दहा ते सोळा अंश सेल्सियसच्या आसपास तो खुशीत असतो. वीस अंशांच्या वर त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. येथे एक गोष्ट सांगून टाकावयास हवी. शिकाऱ्यांचा हा लाडका मासा जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय प्रजातींच्या यादीत मोडतो आणि हिमालयातील मूळच्या 'स्नो ट्राउट'च्या वाट्याचे पाणी त्याने बळकावले आहे. नावात ट्राउट असला तरी स्नो ट्राउट हा रोहू-कटल्याच्या कुळातला.

फेकायची ती दोरी

नवशिक्याचा पहिला गैरसमज काठीबाबत असतो. साध्या गळात शिसे किंवा आमिष जड असते, ते भिरकावले की दोरी त्याच्यामागे जाते. येथे माशीचे वजन ग्रॅमचा किरकोळ अंश. ती भिरकावणे म्हणजे कापूस भिरकावण्यासारखे आहे. म्हणून येथे वजन दोरीला दिलेले असते आणि माशी तिच्यामागून जाते. दोऱ्यांना क्रमांक असतात. ट्राउटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाच क्रमांकाच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे नऊ ग्रॅम भरतात. या जाड, रंगीत दोरीच्या टोकाला साधारण नऊ फुटांचा निमुळता पारदर्शक धागा, म्हणजे 'लीडर', आणि त्याच्याही शेवटी 'टिपेट' नावाचा आणखी बारीक धागा असतो. माशी बांधायची ती या टिपेटला. सुमारे नऊ फुटांची, पाच क्रमांकाची काठी आणि त्याच क्रमांकाची दोरी एवढ्यावर पहिली दोन वर्षे निघू शकतात. अंगावर खिसेच खिसे असलेले जाकीट पहिल्याच दिवशी विकत घेण्याची काहीही गरज नाही.

दोरी आधी मागे फेकायची, ती हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे. ही सगळी गंमत त्या 'उलगडू द्यायची' या शब्दांत आहे. शिकविणारे घड्याळाची उपमा देतात: काठी समोर दहाच्या आकड्यापासून मागे दोनच्या आकड्यापर्यंत न्यावी आणि तेथे ठामपणे थांबवावी. नवशिक्या थांबत नाही. माशी आपल्या मागे आहे, दिसत नाही, आता जमिनीवर पडेल या धास्तीने तो घाईने काठी पुढे ओढतो. चाबकासारखा कडाका होतो आणि कधी कधी माशीच तुटून जाते. दुसरी चूक मनगटाची. मनगट सैल सुटले की काठी दोनवर न थांबता चारपर्यंत कलते आणि दोरी मागच्या गवतात लोळते. तिसरी चूक ताकदीची. फेक जमत नाही तसा माणूस अधिकाधिक जोर लावतो, काठीचे टोक वेडेवाकडे फिरते आणि दोरीचा फास स्वतःतच गुंततो. वाऱ्यामुळे गाठी पडल्या, असे मग सांगितले जाते. वाऱ्याचा त्यात फारसा दोष नसतो.

ताकदीचा प्रश्न अमेरिकेच्या जोन वुल्फ यांनी १९५१ मध्येच निकालात काढला होता. लांब फेकीच्या राष्ट्रीय स्पर्धेतील एका प्रकारात बाकी सारे स्पर्धक पुरुष असताना त्या पहिल्या आल्या. पुढे त्यांनी दोरी फेकण्याचे शिक्षण देण्यात आयुष्य घालविले. काठीला वाकू द्यावे आणि नेमक्या क्षणी थांबवावे, बाकीचे काम काठी करते, हे त्यांच्यासारख्या शिक्षकांच्या शिकवणीचे सार.

यातली सोयीची गोष्ट ही की, हा भाग नदीवर शिकावा लागत नाही. शहरातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर, गळ न लावता, धाग्याच्या टोकाला लोकरीचा लाल-पिवळा तुकडा बांधून तो शिकता येतो. रोज वीस मिनिटे, दोन-तीन आठवडे. वीस फुटांवर एक थाळी ठेवावी आणि लोकर तिच्यात हळुवार उतरते का ते पाहावे. मागे मान वळवून दोरी सरळ झाल्याचे डोळ्यांनी पाहण्यात कमीपणा नाही. निष्णात मंडळीही ते करतात. आजूबाजूची मुले हसतील, पण नदीवर काठी हातात घेताना फेकीची चिंता उरणार नाही आणि लक्ष पाण्याकडे देता येईल. सुट्टीच्या तीन दिवसांपैकी दोन दिवस फेक शिकण्यातच घालविणारे पर्यटक या छंदावर सर्वाधिक चिडलेले आढळतात.

आणि लांब फेकण्याचा हव्यास सोडावा. डोंगरी नदीत बहुतेक ट्राउट वीस-तीस फुटांच्या आतच लागतात. तीर्थनच्या काठी झाडे अगदी पाण्यावर ओणवलेली आहेत, मागे फेकायला जागाच नसते. तेथे 'रोल कास्ट' कामी येते. दोरी मागे न उडविता पाण्यावरूनच काठीकडे सावकाश ओढून आणायची आणि मग काठीच्या एका झटक्याने तिचे वेटोळे पुढे लोटायचे. हा प्रकार पहिल्या दिवशीच शिकून घ्यावा. तलावातल्या किंवा संथ पाण्यात त्याचा सराव करावा, कारण त्याला पाण्याची पकड लागते आणि गवतावर तो नीट जमत नाही.

पाणी वाचणे

हात बरा चालू लागला की प्रश्न येतो, टाकायचे कुठे? आत्मविश्वासाचा खरा उगम येथे आहे. नदीकडे पाहणाऱ्या नव्या माणसाला सगळे पाणी सारखेच दिसते आणि म्हणून तो सगळीकडे टाकत सुटतो. मासा कुठेही असू शकेल असे वाटणे आणि मासा कुठेच नाही असे वाटणे, यांत तासाभरानंतर काही फरक राहत नाही.

ट्राउटची गरज समजली की नदीचे तुकडे पडतात. वाहत्या पाण्यात एका जागी राहण्यासाठी त्याला सतत पोहावे लागते, त्यात शक्ती खर्च होते. ती वाचवायची आणि अन्न तर समोरून वाहत आले पाहिजे, अशा पेचातून तो आपली जागा निवडतो. म्हणून तो वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या सीमेवर सापडतो. मोठ्या खडकाच्या मागे संथ पाण्याचा खिसा तयार होतो, तेथे तो असतो. खडकाच्या पुढेही, पाणी अडून फुगते तेथे, एक छोटी निवाऱ्याची जागा असते, जी नवशिक्याला सुचत नाही. खळखळाट संपून डोह सुरू होतो ती कड, डोहाच्या शेवटी पाणी उथळ होत जाते तो भाग, झाडाची फांदी पाण्यावर सावली धरते ती जागा. पाण्यावर फेसाची रेघ वाहत असेल तर तिच्याकडे लक्ष द्यावे. धार फेस जिथे नेते तिथेच कीटकही नेते.

तोंड जवळजवळ नेहमी प्रवाहाकडे असते, कारण अन्न तिकडून येते. म्हणजेच माणसाने खालच्या अंगाने, माशाच्या पाठीकडून जावे. त्याच्या दृष्टीची एक मौज आहे. पाण्याच्या वरचे जग त्याला एका गोल झरोक्यातून दिसते; प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे हा झरोका सुमारे ९७ अंशांच्या शंकूएवढा असतो. एक फूट खोलीवरच्या माशासाठी त्याचा व्यास जेमतेम सव्वादोन फूट. मासा जितका वर येतो तितका झरोका लहान होतो. काठावरची ठेंगणी वस्तू या झरोक्याच्या कडेला चेपून जाते आणि नीटशी दिसत नाही, उंच वस्तू मात्र दिसते. म्हणूनच जाणकार शिकारी नदीजवळ वाकून, प्रसंगी गुडघ्यांवर जातो. भडक लाल टोपी घालून काठावर ताठ उभा राहणारा पर्यटक त्याने पहिली फेक करण्यापूर्वीच निम्मी संधी घालवून बसलेला असतो. दगडांवर धाडधाड पावले टाकल्यानेही तेच होते. माशाला अंगावरच्या रेषेतून कंपने कळतात.

नदीवर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे काठी हातात न घेता नुसते बसून पाहणे, ही सूचना म्हणूनच बहुतेक जाणकार करतात आणि बहुतेक नवशिके ती धुडकावतात. त्या दहा मिनिटांत पाण्यावर उठणारे वर्तुळ दिसते, पाण्याखाली एखाद्या कुशीवर वळणाऱ्या माशाची चमक दिसते. उथळ पाण्यातला एक दगड उलटून पाहिला तर त्याच्या पोटाला चिकटलेले कीटकांचे बाल्यरूप हाती लागते. काही चपटे, दोन-तीन शेपट्यांचे. काही वाळूच्या कणांचे नळकांडे अंगाभोवती बांधून राहिलेले. ट्राउटचे निम्म्याहून अधिक अन्न हे असे पाण्याखालचे असते. पंख फुटलेला कीटक पृष्ठभागावर येतो तो काळ थोडा. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माशीला 'ड्राय फ्लाय' आणि पाण्याखाली बुडणाऱ्या बाल्यरूपाच्या प्रतिकृतीला 'निम्फ' म्हणतात. पाण्यावर वर्तुळे उठत असतील तर पहिली, नसतील तर दुसरी, एवढा ढोबळ नियम सुरुवातीला पुरतो.

डबीतल्या दोनशे माश्या

दुकानात माश्यांच्या रंगीबेरंगी डब्या पाहिल्या की अनेकांचे भान हरपते. नदीवर मग दर पाच मिनिटांनी माशी बदलण्याचा सपाटा सुरू होतो. मासा लागत नाही याचे खापर माशीवर फोडणे सोपे असते. परंतु यातून काहीच शिकायला मिळत नाही, कारण माशीबरोबर जागा बदललेली असते, फेक बदललेली असते, वेळही पुढे गेलेली असते. नेमके काय चुकले होते ते कळायला मार्ग राहत नाही.

चार-पाच नमुने भरपूर झाले. १९२२ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये बांधली गेलेली करड्या रंगाची 'अ‍ॅडम्स' ही माशी कुठल्याही एका कीटकाची नक्कल नाही, तरी अनेकांसारखी दिसते. सांबराच्या जातीच्या एल्कचे केस वापरलेली 'एल्क हेअर कॅडिस' खळाळत्या पाण्यावरही तरंगत राहते आणि माणसाला सहज दिसते, हा तिचा मोठा गुण. पाण्याखालच्या माश्यांत 'फेझंट टेल' हा नमुना इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांचा. धाग्याऐवजी त्यांनी तांब्याची बारीक तार वापरली. त्यामुळे माशी बांधलीही गेली आणि जडही झाली. बारा ते सोळा क्रमांकाचे गळ पुरेत. या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे मात्र दुकानात लक्षात ठेवावे.

या शिकाऱ्यांच्या बोलण्यात 'भरवशाची माशी' असा एक प्रकार हटकून येतो. ज्या माशीवर एकदा मासा लागला, तीच त्यांना पुढे सतत फळते. यात चमत्कार काही नाही. माशीवर विश्वास असलेला माणूस ती नीट टाकतो, ती वाहून जाईपर्यंत डोळे काढत नाही, धागा ताणून सज्ज राहतो. विश्वास नसलेला माणूस फेक पुरी होण्याआधीच पुढच्या माशीचा विचार करीत असतो आणि मासा येऊन गेलेला त्याला कळतही नाही. एक माशी निवडून अर्धा दिवस तीच वापरावी, हा सल्ला म्हणूनच खरोखर माशीसंबंधी नाही.

मासा माशी नाकारतो त्याचे सर्वांत मोठे कारण दोरीची ओढ हे आहे. खरा कीटक पाण्याच्या वेगाने वाहतो. दोरी मात्र आडव्या प्रवाहांवर पसरलेली असते. मधली धार वेगवान असेल तर ती दोरीला पुढे खेचते आणि माशी पाण्यावर रेघ उमटवीत ओढली जाते. असा कीटक ट्राउटने कधी पाहिलेला नसतो. यावर उपाय म्हणजे दोरी पाण्यावर पडताच काठीच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवणे. त्याने माशीला चार-पाच सेकंद मोकळेपणाने वाहायला मिळते. मासे याच चार-पाच सेकंदांत लागतात. दुसरा उपाय आणखी सोपा आहे: जवळ जावे, म्हणजे पाण्यावर दोरी कमी पडते.

मोजायचे काय?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाविषयीचा सिद्धांत मांडला. हा विश्वास चार मार्गांनी येतो: स्वतः काही करून दाखविल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने आणि शरीर-मनाच्या स्वस्थतेने. यांत पहिला मार्ग सर्वांत प्रभावी, असे त्यांचे म्हणणे होते. ट्राउटची पंचाईत अशी की, यशाचे माप म्हणून केवळ मासाच धरला तर करून दाखविल्याचा अनुभव महिनोन्‌महिने येत नाही. फेक उत्तम, जागा योग्य, माशी मोकळी वाहिली आणि तरीही मासा आला नाही, असे नदीवर रोज घडते. त्या फेकीला अपयश म्हणून नोंदविले की माणूस चांगली फेकही सोडून देतो.

म्हणून माप बदलावे लागते. पहिल्या दिवशी मासा विसरून दहा वेळा माशी ओढ न लागता वाहवून दाखविणे, एवढेच साध्य ठेवावे. दुसऱ्या दिवशी एखादा मासा माशीकडे वळलेला पाहणे. वळून परत गेला तरी ती मोठी घटना आहे, कारण जागा बरोबर होती हे सिद्ध झाले. तो का परतला याचे एक तरी कारण सांगता आले तर त्याहून मोठी. धागा जाड होता, माशी शेवटी ओढली गेली, सावली पडली. नवशिका आणि मुरलेला यांच्यातला फरक माशांच्या संख्येत दिसायला वेळ लागतो, पण या कारणे सांगण्यात तो लवकर दिसू लागतो. मुरलेल्या माणसालाही रिकामा दिवस येतो, फक्त तो त्याला कोड्यात टाकत नाही.

पाणीही सोपे निवडावे. मोठ्या नदीच्या रुंद पात्रापेक्षा लहान प्रवाह बरा. गुशैणीपाशी तीर्थनला फलाचन मिळते. असे उपप्रवाह आकाराने आटोपशीर असतात, त्यांत माशाची जागा ओळखणे सोपे जाते. मात्र परवाना नेमक्या कोणत्या पाण्यासाठी आहे हे आधी विचारून घ्यावे. छोट्या प्रवाहातले मासे वीतभर असतील, पण भुकेले असतात आणि फार चिकित्सा करीत नाहीत. पहिले पाच मासे असे लहान लागलेले बरे. पहिलाच मासा मोठा लागला की बहुधा तो सुटतो आणि ती हळहळ पुढे महिनाभर पुरते.

मासा लागतो तेव्हा दोन चुका होतात. एक म्हणजे घाबरून जोराचा हिसका. बारीक टिपेट मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढे जाड असते, ते तटकन तुटते. काठी नुसती वर उचलली तरी गळ रुततो. दुसरी म्हणजे मासा ओढू लागला की दोरी घट्ट धरून ठेवणे. तो पळत असेल तर पळू द्यावे, काठी वाकलेली आणि दोरी ताणलेली राहील एवढे पाहावे. थांबला की आत घ्यावा. अर्थात खेळ फार लांबवूही नये; पार दमलेला मासा सोडल्यानंतरही वाचेलच असे नाही.

पाण्यात किती उतरावे?

आत्मविश्वासाची एक बाजू धोक्याची आहे. दोन मासे लागले की समोरच्या काठाजवळचा डोह खुणावू लागतो आणि माणूस पाण्यात पुढे पुढे जातो. हिमालयातील नदीचे पाणी गुडघ्यापर्यंत असले तरी त्याचा जोर माणसाला पाडण्यास पुरेसा असतो. तळाचे गोटे शेवाळाने निसरडे झालेले असतात. दुपारी बर्फ वितळू लागले की सकाळी सहज ओलांडलेला प्रवाह परतताना ओलांडता येत नाही. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते मासेमारीसाठी गेलेले नव्हते, पण धरणाखालच्या नदीचा स्वभाव सर्वांसाठी सारखाच. तीर्थनवर स्थानिकांनी चिकाटीने विरोध केल्यामुळे जलविद्युत प्रकल्प उभे राहिले नाहीत. पण ती बियासला मिळाल्यावर परिस्थिती बदलते. नवशिक्याने मांडीच्या वर पाण्यात जाऊ नये, हातात आधाराची काठी असावी, एकट्याने उतरू नये. वाटाड्या नको म्हणाला तर वाद घालू नये.

मासा सोडून देण्याची रीत अमेरिकेत ली वुल्फ यांच्यासारख्यांनी १९३० च्या दशकातच आग्रहाने मांडली. ती निभावणेही शिकावे लागते. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करावा. मग गळ सहज निघतो, मग तो माशाच्या ओठातून असो की स्वतःच्या कानातून. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचे संरक्षक बुळबुळीत आवरण निघते. पोट आवळू नये, कल्ल्यांत बोटे घालू नयेत. छायाचित्र हवेच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर मासा क्षणभर पाण्याबाहेर घ्यावा. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून हळुवार धरावे आणि त्याने स्वतः शेपटी मारून निघून जाईपर्यंत थांबावे.

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारीला बंदी असते, कारण हा त्यांच्या विणीचा काळ. या दिवसांत मादी तळाच्या खड्यांत खळगा करून अंडी घालते. नव्या माणसाला सोयीचे महिने म्हणजे मार्च-एप्रिल आणि पाऊस ओसरल्यानंतरचे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. ऐन पावसाळ्यात पाणी गढूळ असते आणि माशीच दिसत नाही. बंदीच्या चार महिन्यांत शहरात बसून करण्यासारखे एक काम उरते, गाठींचे. सुटलेल्या मोठ्या माशांच्या कित्येक कहाण्यांच्या मुळाशी कच्ची गाठ असते. माशी टिपेटला बांधताना धाग्याला पाच-सहा पीळ द्यावेत, टोक फासातून ओवावे आणि आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाने धागा तापून तेथेच कमजोर होतो. अंधारात, गार पडलेल्या बोटांनी ही गाठ बांधता येईपर्यंत सराव करावा, कारण ऑक्टोबरातल्या संध्याकाळी मासे वर येऊ लागतात तेव्हा नदीवर उजेड फारसा उरलेला नसतो.